शट अप किटी!



१९८५ साली दूरदर्शनवर 'करमचंद' लागायचा. पंकज कपूरचा हा गुप्तहेर गाजर खात खात खुनी शोधायचा. सुष्मिता मुखर्जींची किटी त्याची सहायक. ती मध्ये बोलली की साहेब खेकसायचे, "शट अप किटी!" आणि लोक पोट धरून हसायचे.

परवा नांदगाव पेठेत आमच्या शेजारच्या घरी सोन्याचं कानातलं हरवलं. संशय वस्तीतल्याच एका विधवा मावशीवर. कुणी म्हणालं, मांत्रिकाकडे चला, तो चोराचं नाव सांगतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर ते! तेवढ्यात सातवीतली पोरगी म्हणाली, "आजी, सकाळी कणीक कोणी भिजवली?" बाप ओरडला, "तू चूप बस!" पोरगी बसली नाही. तिनं पिठाचा डबाच उपडा केला. कानातलं त्यात निघालं. मावशीची अब्रू वाचली.

कोणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असं तथागतांनी कालामांना सांगितलं. त्या पोरीनं दुसरं काय केलं?

बंधू-भगिनींनो, पडद्यावरच्या किटीला खुशाल हसा. घरातल्या किटीला मात्र बोलू द्या.