राष्ट्रगीत कोठून ऐकू येते?

'फॅन्ड्री'वरील एका चाचणीत विद्यार्थ्याने लिहिले होते, की डुक्कर पकडण्याच्या प्रसंगी पार्श्वसंगीत म्हणून राष्ट्रगीत योजले आहे. आम्ही त्याचे गुण कापले. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटात (२०१३) ते राष्ट्रगीत शाळेतून येते आणि ते ऐकताच डुकरामागे धावणारे कुटुंब जागच्या जागी थबकते. पार्श्वसंगीत पात्रांना ऐकू येत नसते. एवढा भेद एम.ए.च्या विद्यार्थ्यास कळू नये, याचा आम्हांस विषाद वाटला.

पुढे विभागात तोच चित्रपट पुन्हा पाहिला. भिंतीकडे तोंड केलेल्या दूरचित्रवाणी संचाच्या दोन चिमुकल्या स्पीकरांतून संवाद, आरडाओरड आणि राष्ट्रगीत यांचा एकच लगदा बाहेर पडत होता. विद्यार्थ्याने जे ऐकले तेच लिहिले होते.

आम्ही तिघांनी वर्गणी काढली आणि अहमदपुराहून लातूर गाठले. दुकानदाराने स्फोटाचे दृश्य लावले. काउंटरची काच थरथरली. दोन माणसे बोलत आहेत असे काही लावा, म्हटल्यावर त्याने गाणे लावले! बाजार दणदणाट विकतो, शब्द विकत नाही. ज्याला ५.१ म्हणतात त्या संचात पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर असतो. त्यांपैकी मधला स्पीकर मुख्यतः संवादांचा; आणि स्वस्त संचांत बहुधा तोच सर्वांत दुबळा. आमचे स्पष्ट मत असे, की भाषेच्या शिक्षकाने पहिला पैसा या मधल्या स्पीकरवर घालावा. तो पडद्याच्या लगेच खाली, श्रोत्याच्या कानाकडे किंचित कललेला असावा.

पुढचे डावे-उजवे स्पीकर मध्यरेषेपासून सुमारे ३० अंशांवर ठेवावेत. सराउंडची जोडी मात्र आपल्याकडे हमखास मागच्या भिंतीला टांगली जाते. मग शेवटच्या बाकावरच्यांना नायकाऐवजी गर्दीच ऐकू येते. ५.१मध्ये तिची जागा कानांच्या किंचित मागे, साधारण ११० अंशांवर. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास ३ मिलिसेकंद. म्हणून प्रत्येक स्पीकरचे अंतर टेपने मोजून ध्वनिवर्धकात भरावे. सबवूफर कोपऱ्यात सारला की घुमतो. आमच्या खोलीची शाहाबादी फरशी आणि उघड्या भिंती तर शब्दांना नुसते झेलत होत्या. अखेर स्नेहसंमेलनाच्या सतरंज्या आणि जाड पडदे यांनी जे काम केले, ते कोणत्याही यंत्राने केले नसते.

'सामना' किंवा 'सिंहासन' (१९७९) लावताना 'स्टेडियम', 'हॉल' अशी बटणे कटाक्षाने बंद ठेवावीत. ज्या काळी ध्वनी एकाच वाटेने येत होता, त्या काळच्या निळू फुले आणि डॉ. लागू यांना चहूबाजूंनी बोलायला लावणे म्हणजे जुन्या पोथीवर नव्या शाईने गिरवणे होय.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "साहित्याच्या माणसांना ही वायरींची उठाठेव कशाला?" त्यांनीच आम्हांस पाठभेद शिकवले. एका अनुस्वारासाठी चार हस्तलिखिते ताडून पाहणारी आपली परंपरा चित्रपटाच्या बाबतीत मात्र जो पाठ कानी पडेल तो प्रमाण मानते. तेच सहकारी कीर्तनाला बसतात तेव्हा बुवांचे निरूपण समोरून आणि टाळकऱ्यांची साथ बुवांच्या मागून येते. एकाने दुसऱ्यास झाकले, तर पहिली तक्रार त्यांचीच असते.

मांडणी झाल्यावर पुन्हा 'फॅन्ड्री' लावला. राष्ट्रगीत सुरू झाले. ते या खेपेस माणसांच्या आवाजांपासून सुटे, दुरून आल्यासारखे वाटले. खोलीतली दोन मुले उठून उभी राहिली, मग बाकीची, मग आम्हीही. पडद्यावरची माणसेही उभीच होती आणि डुक्कर निसटत होते. त्या वर्षी चर्चा तासभर लांबली. गुण कापलेला विद्यार्थी त्यात नव्हता; त्याचा निकाल केव्हाच लागून गेला होता.