बोटीला रंग मारलात, पण बोट बघितलीत का?

गणपतीला चाकरमानी येतील, त्यांच्यामागून पर्यटक येतील, आणि आपल्या जेटीवर परत 'सनसेट सेलिंग'चे बोर्ड लागतील. गेल्या काही वर्षांत मुंबई-गोव्याकडून शिडाच्या जुन्या बोटी स्वस्तात उचलून आणायचं फॅडच आलंय. कुठली रेसिंगची, कुठली क्रूझिंगची, वीस-पंचवीस वर्षं वापरलेली. आणली, घासली, पांढराशुभ्र रंग मारला, नाव बदललं, हार घातला, नारळ फोडला. झाली नवी! माणशी अमुक रुपये, चला बसा.

बोट जुनी आहे म्हणून माझी तक्रार नाही. जुन्या बोटी दणकट असतात. गोल्डन ग्लोब नावाची एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत आहे, तिच्यात १९८८ च्या आधीच्या डिझाइनच्याच बोटी चालतात. आपल्या नौदलातून निवृत्त झालेले कमांडर अभिलाष टॉमी २०२३ मध्ये तसल्याच बोटीतून दुसरे आले. पण निघण्याआधी असल्या बोटी पार उसवून, एकेक बोल्ट तपासून परत उभ्या करतात. आपल्याकडे फक्त रंगाचे डबे उघडतात.

मागच्या आठवड्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका बोटीखाली वाकून बघत होतो. शाफ्टवर जस्ताचा तुकडा बसवलेला असतो बघा, खाऱ्या पाण्याने बाकीच्या धातूला खाण्याऐवजी त्याला खावं म्हणून. त्या जस्तावरही निळा रंग मारलेला! रंगवलेलं जस्त काही कामाचं नाही. ते शाबूत राहतं आणि पंखा, शाफ्ट खलास होतो. मालकांना म्हटलं, तर हसून म्हणाले, "पत्रकारसाहेब, फायबर आहे. सडतंय थोडंच?"

हे 'फायबर सडत नाही' आहे ना, यानेच घात केलाय.

आपल्या आजोबांच्या लाकडी होड्या सडायच्या, हे त्यांना माहीत होतं. म्हणून दर पावसाळ्यात होडी वर ओढायची, झावळ्यांनी शाकारायची, सुतार हातोडीने फळी न् फळी ठोकून आवाज ऐकायचा, फटी उकरून कापूस-राळ भरायची. होडीच त्यांना दरवर्षी बघायला भाग पाडायची. फायबर आलं आणि ही सवय मोडली. अहो, फायबर नसेल सडत, पण बोट नुसती फायबरची असते का? डेकच्या दोन थरांमध्ये बहुतेक जुन्या बोटींत बाल्सा किंवा प्लायवूड असतं. एका सैल स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि आतलं लाकूड वर्षानुवर्षं कुजत राहतं. वरून डेक आरशासारखा चकाचक. स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि वीतभर अंतरावर ठोकत चला. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तिथे खाली चिखल आहे समजा. सुतार आजोबांचीच युक्ती आहे ही, फुकट.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा तर स्टेनलेस म्हणून कुणी बघतच नाही. स्टेनलेस गंजत नाही हाही गैरसमजच. त्याला टिकायला हवा लागते. डेकमधून खाली जाणाऱ्या पट्ट्या, ज्यांना चेनप्लेट म्हणतात, त्या नेमक्या ओल्या, बंद फटीत असतात. तिथे तो गुपचूप खाल्ला जातो आणि वर दिसणारा चार इंच तुकडा चकाकत असतो. तारांना दहा-पंधरा वर्षं हेच साधारण आयुष्य धरतात. आपल्या उन्हात आणि खारट हवेत त्याहून कमीच धरा. तुमच्या बोटीच्या तारा कधी बदलल्या, हे मी पाच मालकांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही.

आणि आता व्हॉल्व्ह. संडासाचं, इंजिनाच्या थंडाव्याचं, बेसिनचं पाणी आत-बाहेर करायला बोटीच्या बुडाला भोकं असतात आणि प्रत्येकावर एक व्हॉल्व्ह, सीकॉक. तो ब्राँझचा हवा. पण हार्डवेअरच्या दुकानात पितळेचा नळ चौथाई किमतीत मिळतो आणि दिसायला तसाच! खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं, उरतं ते गुलाबीसर, ठिसूळ तांबं. हाताने पिळलं तर तुटेल असं. हिशोब सांगतो. पाण्याखाली अर्धा मीटर खोल, दीड इंची भोक उघडं पडलं तर मिनिटाला सव्वाशे ते दीडशे लिटर पाणी आत येतं. लहान बोटीवरचा साधा पंप मिनिटाला तीस-पस्तीस लिटर फेकतो, तोही बॅटरी धड असली तर. वर बसलेत दहा पर्यटक, त्यातली चार पोरं. करा गणित.

यावर उपाय काय? प्रत्येक व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा बंद-चालू करा. अडकला असेल तर तो व्हॉल्व्ह नाही, शोभेची वस्तू आहे. पाइपावर दोन-दोन क्लॅम्प लावा. आणि प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी त्या मापाची निमुळती लाकडी खुंटी सुतळीने बांधून ठेवा. पाणी आलं की ठोकायची. गावातला कुठलाही सुतार तासाभरात करून देईल. ही खुंटी मी आपल्या जेटीवरच्या एकाही शिडाच्या बोटीत पाहिली नाही.

कीलचं सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. मे २०१४ मध्ये 'चीकी रफीकी' नावाची चाळीस फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परत जाताना अटलांटिकमध्ये तिची कील तुटून पडली. बोट उलटी झाली, चौघेही गेले. जीवरक्षक तराफा बोटीतच बांधलेला राहिला, काढायलाही वेळ मिळाला नाही. बोट २००६ ची होती, म्हणजे जेमतेम आठ वर्षांची! ब्रिटिश चौकशीत निघालं की बोट आधी अनेकदा तळाला लागली होती आणि त्या धक्क्यांनी व दुरुस्त्यांनी आतला जोड कमकुवत झाला असण्याची शक्यता आहे. आता आपल्या खाडीच्या तोंडाकडे बघा. ओहोटीला कुठली बोट रेतीला घासत नाही सांगा? प्रत्येक धक्क्यानंतर आतून कीलचे बोल्ट बघायचे असतात. गंजाचा ओघळ, कील आणि बूड यांच्यामधली केसासारखी चीर, ही लक्षणं. त्या चिरेवर पुट्टी भरून रंग मारणं म्हणजे मोडलेल्या हाडावर पावडर लावणं.

मालक म्हणतात, सर्व्हेचा कागद आहे. असेल. पण बोट पाण्यात तरंगत असताना झालेल्या पाहणीत बूड दिसतं कुणाला?

मालक असंही म्हणतात, एवढा खर्च परवडत नाही. अहो, बोट स्वस्त मिळाली ती याच कारणाने! आधीच्या मालकाला जो खर्च करायचा नव्हता तो त्याने बोटीसकट तुम्हाला विकला. आता तो तुम्ही पर्यटकांच्या जिवावर ढकलताय. स्वतःपुरती बोट असेल तर तुमचं तुम्ही बघा, पण तिकीट लावलंत की विषय गावाचा झाला. एक बोट बुडाली की त्या हंगामात होमस्टेवाल्या वहिनी, खानावळवाले, रिक्षावाले, सगळ्यांचं बुडतं.

चहासाठी बोटीत गॅस नेणाऱ्यांनीही ऐका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या पोटात साचून राहतो, आणि मग इंजिनाची एक ठिणगी पुरते. थर्मास न्या ना राव.

पाऊस अजून आहे, बोटी अजून वर आहेत. येत्या रविवारी सकाळी ओहोटीच्या वेळी मी जेटीवर येतोय, सोबत एक जुने तांडेल आहेत. ज्यांनी व्हॉल्व्ह, तारा, कीलचे बोल्ट उघडून बघितलेत त्यांनी दाखवावेत, फोटोसकट त्या बोटींची नावं याच पेजवर टाकतो. न दाखवणाऱ्यांची नावं टाकणार नाही. यादीत कोण नाही ते लोक बघतीलच.