माळ्यावरची टेप



गाण्याचे आम्हाला वावडे नाही. लहानपणी वस्तीत गायन पार्ट्यांचा दुरंगी सामना असला की आम्ही गोधडी गुंडाळून पुढच्या रांगेत बसायचो आणि पहाटे कोणीतरी उचलून घरी न्यायचे. पण विलायती गाणे म्हटले की आमच्या कपाळाला आठी पडते. घरात ते लागले की आम्ही विचारायचो, "अरे, हे गाणे आहे की पत्र्याच्या शेडवर दगड पडतायत?"

आमचा थोरला यंदा बारावीला आहे. पुस्तक उघडे आणि कानात वायर, हा त्याचा अभ्यास. एका रविवारी आमचा संयम सुटला. आम्ही त्याच्या कानातली वायर ओढून काढली. नेहमीप्रमाणे तो गप्प बसला असता तर हा लेख झाला नसता. तो म्हणाला, "पप्पा, ओरडा हवे तर. पण आधी हे कोण वाजवतंय ते तर बघा."

मोबाईलवर तिघा भावांचा फोटो होता. तिघेही काळे. आमचा समज असा, की रॉक म्हणजे लांब केसांच्या गोऱ्या पोरांचा धिंगाणा, आणि काळ्यांचे गाणे म्हणजे मायकल जॅक्सन. हे तिघे गिटार आणि ड्रम घेऊन धिंगाण्याच्या जागी कसे, याचे उत्तर शोधण्यात आमचे त्यानंतरचे पाच-सहा रविवार गेले. आमचे इंग्रजी 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' इथपर्यंतच. पोराने जागोजागी थांबवून समजावले, म्हणून निभावले.

तर या बँडचे नाव 'डेथ'. म्हणजे मृत्यू. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातले हे हॅकनी बंधू. थोरला डेव्हिड गिटारवर, बॉबी बेस गिटार वाजवणारा आणि गाणारा, डॅनिस ड्रमवर. डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचे शहर, कामगारांचे शहर. 'मोटाउन' ही काळ्या मालकाची प्रसिद्ध रेकॉर्ड कंपनी १९५९ साली याच शहरात उभी राहिली. त्यामुळे डेट्रॉइटच्या काळ्या पोराने काय गावे, हे जणू ठरूनच गेले होते. या भावांना १९६४ साली त्यांच्या वडिलांनी टीव्हीपुढे बसवून बीटल्स दाखवले होते. पुढे डेव्हिडने 'द हू' या इंग्लंडच्या बँडचा कार्यक्रम पाहिला आणि ठरवले की आपण हेच वाजवायचे. शेजारीपाजारी म्हणू लागले, गोऱ्यांचे संगीत तुम्ही कशाला वाजवता? म्हणजे गोरे आत घेईनात आणि आपले हसू लागले, अशी गत. ही गत आमच्या वाचकांना नव्याने समजावून सांगायला नको.

मध्येच वडील अपघातात गेले. डेव्हिडने त्या दुःखातून बँडला 'डेथ' हे नाव दिले. मृत्यू ही भिण्याची नव्हे तर जन्मासारखीच गोष्ट आहे, हे त्याला सांगायचे होते. १९७५ साली त्यांचे रेकॉर्डिंग सुरू झाले. बारा गाणी करायची ठरली होती, त्यातली सात झाली. रेकॉर्ड व्यवसायातले बडे प्रस्थ क्लाइव्ह डेव्हिस यांना गाणी पसंत पडली होती. अट एकच, नाव बदला. डेव्हिड म्हणाला, नाही.

इथे आमच्यात आणि पोरात वाद झाला. आम्ही बी.कॉम. माणूस. आमचे मत असे, की नावात काय आहे, आधी करार करायचा, पैसे घ्यायचे, चार रेकॉर्डी विकल्या गेल्या की मग आपली अट घालायची. धाकट्या दोघा भावांनाही ही संधी सोडणे जड गेलेच असणार. पण त्यांनी थोरल्याची साथ सोडली नाही. पोरगा म्हणतो, आज त्यांनी नाव बदलले तर उद्या गाणे बदलायला लावले असते. आमचे मत अजून पूर्ण बदललेले नाही. नकारानंतर त्या माणसाच्या वाट्याला काय आले, हे पाहिल्यावर तर नाहीच.

करार बारगळला. उरलेली पाच गाणी झालीच नाहीत. १९७६ साली भावांनी स्वतःच्या खर्चाने दोन गाण्यांची एक छोटी रेकॉर्ड काढली, प्रती फक्त ५००. एका बाजूला पुढाऱ्यांच्या दुटप्पीपणावरचे 'पॉलिटिशियन्स इन माय आइज' हे गाणे. ती कोणी फारशी वाजवली नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या 'रामोन्स' बँडची पहिली रेकॉर्ड निघाली आणि त्या वेगवान, कडक संगीताला 'पंक' हे नाव रुळत गेले. हे तिघे त्याच्या आदल्याच वर्षी तसे वाजवून मोकळे झाले होते. पण कागदावर नोंद नाही. कारकुनाला विचारा, ज्याची आवक-जावक रजिस्टरात नोंद नाही तो अर्ज आलाच नाही असे धरतात, अर्जदार समोर उभा असला तरी.

१९७७ साली तिघे व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी गेले. तिथे धार्मिक आशयाची गाणी करून पाहिली, तीही चालली नाहीत. १९८२ साली डेव्हिड एकटा डेट्रॉइटला परतला. मागे राहिलेले दोघे भाऊ 'लॅम्ब्सब्रेड' नावाच्या रेगे बँडमध्ये वाजवत, संसार करत राहिले. डेव्हिड २००० साली फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला. जाण्यापूर्वी त्याने मूळ टेपा बॉबीच्या हवाली केल्या आणि बजावले, की या जपून ठेव, एक दिवस जग शोधत येईल. बॉबीने त्या माळ्यावर ठेवून दिल्या.

आता पुढची गोष्ट ऐका. बॉबीला मुले झाली, मोठी झाली, त्यांनाही गाण्याचा नाद लागला. पण बापाने त्यांना 'डेथ'विषयी चकार शब्द सांगितला नव्हता. २००८ साली एक मुलगा कॅलिफोर्नियात कुठल्याशा पार्टीत गेला असता तिथे त्या ५०० पैकी एका प्रतीवरचे गाणे वाजत होते. जुन्या रेकॉर्डींच्या शौकिनांमध्ये तोवर तिची किंमत शेकडो डॉलरवर गेली होती. घरी फोनाफोनी झाली. हा तर आपल्या बापाचा आवाज! २००९ साली 'ड्रॅग सिटी' कंपनीने ती सात गाणी रेकॉर्डरूपाने बाजारात आणली, चौतीस वर्षांनी, आणि 'डेथ' याच नावाने. मुलांनी 'रफ फ्रान्सिस' नावाचा बँड काढून काकाची गाणी वाजवली. २०१२ साली या साऱ्यावर माहितीपट निघाला. त्यात बॉबी आणि डॅनिस हे दोन म्हातारे होऊ घातलेले भाऊ थोरल्याविषयी बोलताना रडतात. आमच्या सौ. भाकऱ्या टाकून बघायला आल्या होत्या, त्याही रडल्या. बापाने मुलांना का सांगितले नाही, हे आम्हाला मात्र कोणी समजावून सांगायला नको. हरलेली गोष्ट घरात कोण सांगतो?

खरे सांगायचे तर 'डेथ'ची गाणी आम्हाला अजून डोकेदुखीचीच वाटतात. दोनच्या पुढे आम्ही ऐकू शकत नाही. आम्हाला आवडली ती दुसरी मंडळी, 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स'. हा कंट्री म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यातल्या संगीताचा प्रकार. यात बँजो वाजतो. टोपीवाले गोरे शेतकरी आणि बँजो, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. पण बँजो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचा. दुधी भोपळ्याच्या कवचावर कातडे ताणून केलेली तंतुवाद्ये ते आपल्या गावाकडे वाजवत, त्याच धर्तीवर त्यांनी इथे हे वाद्य घडवले. पुढे गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून, बँजो घेऊन, काळ्यांची नक्कल करणारे तमाशे सुरू केले. ज्या वाद्याने आपली टवाळी होते ते हातात धरावेसे कोणाला वाटेल? त्यात १९२०च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी यादीच वेगळी केली, काळ्यांच्या रेकॉर्डी एका सूचीत, खेडूत गोऱ्यांच्या दुसऱ्या. बँजो गोऱ्यांच्या सूचीत गेला तो गेलाच.

हे वाचताना आम्हाला आमचे आजोबा आठवले. त्यांनी गावकीची कामे सोडली त्या दिवशी खुंटीवरचे वाद्यही उतरवले, ते पुन्हा घरात आले नाही. त्यांनी योग्य केले असेच आम्ही मानतो. पण ते हाताने काय वाजवत असतील, हे आता कोणाला विचारायचे?

चॉकलेट ड्रॉप्सवाल्यांना विचारायला एक माणूस मिळाला. २००५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावी काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. तिथे रियानन गिडन्स ही तरुणी आणि डॉम फ्लेमन्स, जस्टिन रॉबिन्सन हे तरुण एकत्र आले. त्याच राज्यात मेबेन गावी जो थॉम्पसन नावाचे फिडल, म्हणजे खेडवळ व्हायोलिन वाजवणारे आजोबा राहत होते. वय ८६, जन्म फर्निचरच्या कारखान्यात काढलेला. बँजोवर साथ करणारा त्यांचा चुलतभाऊ ओडेल १९९४ साली वारला होता. ही तीन पोरे दर गुरुवारी रात्री त्यांच्या घरी जाऊन बसू लागली. पुस्तक नाही, नोटेशन नाही. म्हातारा वाजवी, पोरे पाठोपाठ वाजवीत. त्यांची २०१० सालची रेकॉर्ड फेब्रुवारी २०११ मध्ये ग्रॅमी पुरस्कार घेऊन गेली. आजोबा २०१२ साली गेले, म्हणजे हे पाहून गेले. गिडन्सबाई पुढे फार मोठ्या झाल्या. २०२४ साली बियॉन्सेचे 'टेक्सास होल्ड एम' हे कंट्री गाणे गाजले, त्यातला बँजो त्यांचाच. बँड फारसा कोणाला ठाऊक नाही.

याच वाटेवर डीफोर्ड बेली भेटले. जन्म १८९९, टेनेसी राज्य. तिसऱ्या वर्षी पोलिओ, त्यामुळे देह लहानखुरा. माउथ ऑर्गनवर आगगाडी अशी वाजवत की डोळे मिटले तर फलाटावर उभे असल्यासारखे वाटते. नॅशव्हिल रेडिओच्या ज्या कार्यक्रमाला १९२७ साली 'ग्रँड ओल ऑप्री' हे आज जगप्रसिद्ध झालेले नाव पडले, ते निवेदकाने त्यांच्या आगगाडीच्या वादनाच्या निमित्तानेच उच्चारले. दौऱ्यावर सोबतचे गोरे कलावंत हॉटेलात जेवत, यांना तिथे मज्जाव. १९४१ साली त्यांना काढून टाकले. पुढे त्याच शहरात ते बूट पॉलिशच्या धंद्यावर जगले. १९८२ साली वारले. कंट्री संगीताच्या मानाच्या दालनात त्यांचे नाव लागले २००५ साली. आम्ही ती आगगाडी चार वेळा ऐकली. ज्याला कोणाला फक्त एकच गोष्ट ऐकायची असेल त्याने ती ऐकावी, 'पॅन अमेरिकन ब्लूज'.

आमच्या मुलीची तक्रार होती की सगळे पुरुषच कसे? तिच्यासाठी 'फॅनी' सांगून ठेवतो. जून आणि जीन मिलिंग्टन या बहिणी फिलिपाईन्सच्या मनिला शहरात जन्मल्या, आई फिलिपिनो, वडील अमेरिकन. १९६१ साली कॅलिफोर्नियात आल्या. वेगळ्या रंगरूपामुळे शाळेत एकट्या पडल्या तेव्हा त्यांनी गिटारीला मैत्रीण केले. १९७० साली त्यांच्या बँडची मोठ्या कंपनीतर्फे पहिली रेकॉर्ड निघाली. मुलीच गाणाऱ्या आणि मुलीच वाजवणाऱ्या, असे तेव्हा रॉकमध्ये जवळजवळ कोणी नव्हते. त्यांचे 'चॅरिटी बॉल' १९७१ साली अमेरिकेच्या पहिल्या चाळीसांत पोहोचले. ते पॉपच्या अंगाने जाणारे, सोपे, पाय हलवणारे आहे. आमच्या मुलीने पाठ केले आहे. उच्चार काय करते देव जाणे.

आता थोडे घरचे. आमचे चुलते एका गायन पार्टीत ढोलकी वाजवत. त्या पार्टीची एक कॅसेट बाजारात आली होती, तिच्यावर गायकाचे, कवीचे, अगदी दुकानदाराचेही नाव होते, ढोलकीवाल्याचे नव्हते. चुलते २००३ साली गेले. पोराला हे बोलता बोलता सांगितले, तर तो त्याच रात्री स्टूल घेऊन माळ्यावर चढला. पितळी भांड्यांच्या मागे बिस्किटाच्या डब्यात चार कॅसेटी निघाल्या. एकीवर चुलत्यांच्या अक्षरात 'घरची तालीम' एवढेच लिहिलेले आहे, तारीख नाही. फितीला पांढरी बुरशी आली आहे आणि एका ठिकाणी ती दुमडली आहे. घरात आता टेपरेकॉर्डर कोणाकडे नाही. स्टेशनाजवळ एक जुना रेडिओ दुरुस्त करणारा बसतो, तो म्हणतो, आणा, पुसून बघतो, फिरेल याची खात्री देत नाही. रविवारी पोराला घेऊन जाणार आहोत. परीक्षा आहे, पण तासाभराने काही बिघडत नाही.