चूक दाखवणाऱ्याचे पुढे काय होते?

आपल्याकडच्या कारखान्यांत ‘कायझेन’चे, म्हणजे सतत सुधारणेचे, फलक लागून बरीच वर्षे झाली. सूचनापेट्या आहेत, कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या ‘फाइव्ह एस’ पद्धतीच्या स्पर्धा आहेत, वर्षअखेरीस बक्षीस समारंभही होतात. तरीही रोजच्या कामातली एखादी अडचण वर्षानुवर्षे तशीच राहते आणि ती सगळ्यांना ठाऊक असते. याचे खापर बहुधा कर्मचाऱ्यांच्या उदासीनतेवर फोडले जाते. पण चूक दाखवण्याची किंमत दाखवणाऱ्यालाच मोजावी लागते, हे त्यामागचे खरे कारण आहे. ‘तूच बोललास ना, मग तूच कर’ म्हणत काम त्याच्या गळ्यात पडते, नाही तर ‘अतिशहाणा’ असा शिक्का बसतो. ही किंमत व्यवस्थापन स्वतःवर घेत नाही तोवर सतत सुधारणेची संस्कृती रुजणे शक्य नाही.

कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा कारखाना हा याचा सर्वात बोलका पुरावा. जनरल मोटर्सने तो १९८२ मध्ये बंद केला, तेव्हा गैरहजेरी, संप आणि सदोष मोटारी यांसाठी तो बदनाम होता. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत ‘नुमी’ या नावाने तो पुन्हा सुरू झाला. कामगार बहुतांश तेच होते, संघटनाही तीच. तरी गैरहजेरी झपाट्याने घटली आणि गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या तोडीचा झाला. पूर्वी उत्पादनाची लाइन थांबवणे हा मोठा गुन्हा समजला जाई. आता दोष दिसताच कोणत्याही कामगाराने डोक्यावरची दोरी ओढायची होती. ती ओढली की गटप्रमुख धावत येई, तो अडचण सोडवण्यासाठी. जाब विचारण्यासाठी नव्हे. पुढे जनरल मोटर्सने हीच पद्धत इतर कारखान्यांत नेण्याचा प्रयत्न केला, पण तिथे ती अनेक वर्षे नीट रुजली नाही. दोरी बसवणे सोपे होते. ती ओढणाऱ्याकडे पाहण्याची साहेबांची नजर बदलणे अवघड होते.

कारखान्याबाहेरही हेच दिसते. संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील पथकांचा अभ्यास केला. चांगल्या पथकांकडून औषध देण्यात कमी चुका होत असतील, ही त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: चांगले नेतृत्व असलेल्या पथकांत चुकांच्या नोंदी जास्त होत्या. त्याचा उलगडा असा, की तिथल्या परिचारिका चूक लपवत नव्हत्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास प्रत्येक व्यवस्थापकाने लक्षात ठेवावा असा आहे. ज्या विभागाच्या अहवालात शून्य दोष दिसतात, तिथे कौतुकाआधी चौकशी व्हायला हवी.

यावर हमखास आक्षेप येतो तो शिस्तीचा. चुका माफ होऊ लागल्या तर लोक सोकावतील, असे म्हटले जाते. विमान वाहतुकीने याचे उत्तर कधीच शोधले आहे. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आपल्या चुका व थोडक्यात टळलेले धोके नासाकडे गोपनीयपणे कळवतात आणि अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल त्यांना दंडातून सूट मिळू शकते. जाणूनबुजून केलेले उल्लंघन, गुन्हा आणि अपघात यांना मात्र ही सवलत नाही. अनवधान आणि बेफिकिरी यांतील रेघ आधीच ठरवून सगळ्यांना सांगितली, तर शिस्त मोडत नाही.

दुसरा आक्षेप कामगारांचा आहे आणि तो अधिक रास्त आहे: काम सोपे झाले की माणसे कमी करणार. ही भीती भाषणांनी जात नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मागणी घसरली, तेव्हा नुमीने कामगारांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावले. कामगार संघटनेशी झालेल्या करारातला शब्द पाळला गेला, म्हणून विश्वास टिकला. तिसरा आक्षेप असा, की खुद्द टोयोटालाच २००९-१०मध्ये लाखो मोटारी परत बोलवाव्या लागल्या, मग या पद्धतीचे कौतुक कशाला? फेब्रुवारी २०१० मध्ये टोयोटाचे तत्कालीन अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केले, की माणसे घडवण्याच्या वेगापेक्षा कंपनी वेगाने वाढली. म्हणजे ही संस्कृती एकदा मिळवून कपाटात ठेवता येत नाही. ती रोज सांभाळावी लागते.

आपल्या सरकारी कार्यालयांना हे विशेष लागू आहे. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी केलेली कार्यालयीन सुधारणा ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजली. २०२५ मध्ये राज्य सरकारने १०० दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम राबवला. असे उपक्रम स्वागतार्हच आहेत. पण अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी सुधारणा त्याच्या बदलीनंतर आणि मोहीम तिच्या मुदतीनंतर टिकेलच, याची हमी नसते. म्हणून प्रत्येक कार्यालयप्रमुखाने आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाने एवढे तरी करावे: आलेल्या प्रत्येक सूचनेला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे, नकार असेल तर कारणासह द्यावा, आणि सूचना करणाऱ्याला ती अमलात आणण्यासाठी कामाच्या वेळेतलाच वेळ द्यावा. हे जमत नसेल तर सूचनापेटी काढून टाकलेलीच बरी.