वेगवान छोटी मोटार : शौक किती, सोय किती आणि खरी किंमत किती?

हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी किंवा खुद्द वर्ध्याच्या बाजारात फिरून पाहिले, तर एक बदल सहज लक्षात येतो. ज्या दुकानदाराच्या वडिलांनी सारी उमर सायकल आणि लुनावर काढली, त्याच्या दारात आज चारचाकी उभी आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. मेहनतीच्या कमाईतून घरच्यांना ऊन-पावसात सोय झाली, तर त्यात वावगे काही नाही. परंतु अलीकडे गाडी घेताना घरात एक नवीनच वाद होऊ लागला आहे. वडील म्हणतात, साधी गाडी घेऊ. मुलगा म्हणतो, घ्यायचीच तर 'स्पोर्टी' घेऊ. टर्बो इंजिनवाली, रुंद टायरवाली, पिकअप जबरदस्त असणारी. या वादात कोणाचे बरोबर, हे भावनेने नव्हे तर वहीत आकडे मांडून ठरवावे, असे आम्हाला वाटते.

ही गाडी आली कोठून?

छोट्या गाडीत मोठी ताकद घालण्याची कल्पना युरोपातली. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीने १९७६ मध्ये 'गोल्फ जीटीआय' विक्रीस आणली आणि कामगार-कारकुनाच्या आटोपशीर गाडीला शर्यतीच्या गाडीचा रुबाब मिळाला. आपल्या देशात सामान्य माणसाची छोटी गाडी म्हणजे १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००. तिची किंमत पन्नास हजारांच्या आत होती आणि तिच्याकडून कोणी पळण्याची अपेक्षा केली नाही. २००५ साली स्विफ्ट आली तेव्हा प्रथमच छोटी गाडी 'चालवायला मजा येते' म्हणून विकली गेली.

महाराष्ट्राचा या प्रकाराशी जवळचा संबंध आहे. पुण्याजवळच्या चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, २०१० मध्ये तेथली पोलो बाजारात आली आणि २०१३ मध्ये तिची 'जीटी टीएसआय' ही टर्बो आवृत्ती आली. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये फियाटची 'अबार्थ पुंटो' आली. तिची ताकद १४५ अश्वशक्ती होती आणि किंमत दहा लाखांच्या किंचित आत. मारुतीने २०१७ मध्ये 'बलेनो आरएस' काढली. ह्युंदाईची 'आय-ट्वेंटी एन लाइन' २०२१ मध्ये ९ लाख ८४ हजारांपासून सुरू झाली. टाटांची 'अल्ट्रोज रेसर' जून २०२४ मध्ये ९ लाख ४९ हजारांपासून आली. या शेवटच्या दोन्ही गाड्यांची ताकद सुमारे १२० अश्वशक्ती. तुलनेसाठी सांगायचे तर मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टची ताकद सुमारे ८२ आहे.

या यादीतून व्यापाऱ्याने एक धडा घ्यावा. अबार्थ पुंटो बंद झाली, बलेनो आरएस २०२० पर्यंत गेली, चाकणच्या पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. शौकाच्या मालाला गिऱ्हाईक थोडे असते आणि थोड्या गिऱ्हाइकाच्या मालाला कंपनी फार काळ सांभाळत नाही. हा बाजाराचा नियम आपल्या दुकानात जसा लागू आहे, तसाच मोटारीतही आहे.

फायद्याची बाजू

एकतर्फी बोलणे बरोबर नाही. या गाड्यांत गुण आहेत. टर्बो इंजिन निकास-वायूच्या जोरावर जादा हवा आत ढकलते, त्यामुळे एक लिटरचे इंजिनसुद्धा दीड लिटरच्या इंजिनासारखा जोर देते. चार माणसे, सामान आणि एसी चालू असताना जाम चौफुलीवरून नागपूरकडे निघालात आणि पुढे ट्रकची रांग असली, तर हा जोर कामाला येतो. ओव्हरटेक लवकर पूर्ण होतो आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या तोंडात सापडण्याची भीती कमी होते.

दुसरे, समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आहे. नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता जून २०२५ मध्ये. त्यावर दुचाकी चालत नाही आणि मोटारीला सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. ज्याला माल पाहायला संभाजीनगर वा मुंबईला वारंवार जावे लागते, त्याला दमदार इंजिन आणि वेगात स्थिर राहणारी गाडी कमी थकवते. तिसरे, या गाड्यांचे ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन बहुधा साध्या आवृत्तीपेक्षा घट्ट बसवलेले असतात.

तोट्याची बाजू

आता दुसरे पान उघडू. रुंद आणि कमी उंचीचे टायर डांबरी महामार्गावर छान, पण शेतातून कापूस आणायच्या रस्त्यावर, पावसाळ्यात खड्ड्यात आपटले की रिम वाकते आणि टायरची बाजू फुगते. साध्या स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १४ इंची, जाड बाजूचे टायर येतात. एन लाइनसारख्या गाडीला १६ इंची. मोठा टायर बदलताना खिसाही मोठा लागतो. कडक सस्पेन्शनमुळे मागे बसलेल्या अम्मी-अब्बांच्या कमरेला प्रत्येक गतिरोधक जाणवतो. डिकीही व्यापाऱ्याच्या कामाची नसते. स्विफ्टची डिकी २६५ लिटरची आहे. कापडाचे दोन मोठे गठ्ठे टाकले की दार लागणे कठीण.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दुरुस्तीची आहे. आमच्या वाचकांत मिस्त्री, डेंटर-पेंटर, ऑटो इलेक्ट्रिशियन, सीट कव्हर शिवणारे आणि टायरवाले पुष्कळ आहेत. त्यांना हे सांगायला नको की साधे इंजिन कानाने ऐकून सुधारता येते, पण टर्बो, सेन्सर आणि दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना स्कॅनर लावल्याशिवाय हात घालता येत नाही. गाडी गल्लीतल्या मिस्त्रीच्या हातची राहत नाही, आणि आपला पैसा आपल्या बाजारात न राहता शहरातल्या वर्कशॉपला जातो. आमच्या तरुण कारागिरांनी यातून दुसराही अर्थ घ्यावा : स्कॅनर आणि त्याचे शिक्षण यांवर खर्च करण्याची वेळ आली आहे. गाडी घेणाऱ्याने विचार करायचा, पण गाडी सुधारणाऱ्याने तर शिकायलाच हवे.

वहीतला हिशेब

शोरूमच्या पाटीवरची किंमत ही खरी किंमत नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी सेससह तो २९ टक्के होता. त्यामुळे स्विफ्टचे सुरुवातीचे मॉडेल ६ लाख ४९ हजारांवरून सुमारे ५ लाख ७९ हजारांवर उतरले. टर्बो छोट्या गाड्याही याच वर्गात बसत असल्याने त्यांनाही सवलत मिळाली. पण त्यावर राज्याचा कर लागतो. वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांच्या आतील पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात तो ११ टक्के आहे. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर हा कर जवळजवळ दुप्पट होतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो वेगळाच.

समजा एक साधी गाडी शोरूममध्ये साडेसहा लाखांची आणि एक टर्बो गाडी नऊ लाखांची आहे. कर आणि विमा धरून पहिली साधारण साडेसात लाखांच्या वर जाईल आणि दुसरी साडेदहा लाखांच्या जवळ. म्हणजे दारात उभी करतानाच सुमारे पावणेतीन ते तीन लाखांचा फरक पडला.

आता पेट्रोल. महिना हजार किलोमीटर धावणे आणि लिटरला १०५ रुपये दर धरू. साधी गाडी रोजच्या वापरात १८ चे ॲव्हरेज देते असे धरले तर महिन्याला सुमारे ५,८०० रुपये लागतील. टर्बो गाडी जोरात चालवली आणि १३ वर आली तर ८,१०० रुपये. महिन्याला सव्वादोन हजारांचा फरक, पाच वर्षांत सुमारे १ लाख ३५ हजार. दोन्ही फरक मिळून चार लाखांच्या वर रक्कम जाते. विकताना त्यातले काही परत येईल हे खरे, पण पाच वर्षे ती रक्कम धंद्यात फिरणार नाही, हेही तितकेच खरे. चार लाखांत सीझनचा माल उधारीशिवाय भरता येतो, फर्निचरवाल्याला नवे यंत्र घेता येते, शिवणकामाच्या कारखान्यात चार मशिनी वाढतात.

कर्ज काढून घेणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा. सहा लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता सुमारे १२,६०० रुपये येतो आणि एकूण ७ लाख ५६ हजार भरावे लागतात. दीड लाखाच्या वर व्याजच. आमच्या बहुतेक वाचकांना व्याजाचा व्यवहार मुळातच नको असतो. व्याजमुक्त बँकिंगचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बाजूला ठेवला, त्यामुळे बँकेतून तो मार्ग खुला नाही. अशा वाचकांसाठी सरळ उपाय एकच : जितकी रोख साठली तितक्याची गाडी घ्यावी, आणि दुकानाचे भांडवल त्या साठ्यात मोजू नये. 'शून्य टक्के'च्या जाहिरातीत प्रोसेसिंग फी आणि गमावलेली रोख सवलत यांच्या रूपाने व्याज लपलेले असते का, हे कागद वाचून तपासावे.

धंद्याच्या नावावर घेऊ का?

अनेकांचा समज असतो की गाडी दुकानाच्या नावावर घेतली की जीएसटी परत मिळतो. प्रवासी मोटारीवर तो मिळत नाही. गाड्या विकणारा, प्रवासी वाहतूक करणारा किंवा मोटार ड्रायव्हिंग शिकवणारा सोडला तर बाकीच्यांना कायद्याने मनाई आहे. मालवाहू गाडीवर मात्र नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो वजा करून घेता येतो. आयकरात गाडीचा घसारा दरवर्षी १५ टक्के धरता येतो, पण जे छोटे दुकानदार अंदाजित नफ्याच्या योजनेत विवरण भरतात, त्यांना घसारा वेगळा मिळत नाही. तेव्हा ज्याच्या धंद्यात माल हलतो, त्याने आधी छोटी मालवाहू गाडी घ्यावी. शौकाची मोटार नंतर.

जुनी टर्बो गाडी

काही तरुण जुन्या पोलो जीटीच्या मागे असतात. गाडी मजबूत आहे, यात शंका नाही. पण २०१३ च्या टर्बो आवृत्तीत सात गिअरचा दोन क्लचवाला बॉक्स आहे आणि तो बिघडला तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने जबर असतो. शिवाय या गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, आणि आता पंपावर तेच मिळते. घ्यायचीच असेल तर सर्व्हिसची सर्व बिले पाहावीत, ऑनलाइन चलने तपासावीत, जुने कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र घ्यावे, आणि फॉर्म २९ व ३० भरून गाडी एमएच-३२ च्या कार्यालयात आपल्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

वेगाची किंमत

एक किंमत अशी आहे जी कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेली नसते. जानेवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात सेलसुऱ्याजवळ मोटार पुलावरून कोसळून सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. सात घरांचे चिराग एका रात्रीत विझले. त्या अपघाताचा दोष आम्ही कोणावर ठेवत नाही. परंतु अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या हातात १२० अश्वशक्तीची किल्ली देताना प्रत्येक बापाने ती बातमी आठवावी. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच पोलोला चार. म्हणून पैसे वाढवायचेच असतील तर पहिल्यांदा एअरबॅग, चांगले ब्रेक आणि मजबूत सांगाडा यांवर वाढवावेत, मागच्या पंखावर आणि लाल पट्ट्यांवर नव्हे. नव्या स्विफ्टच्या सर्व मॉडेलांत सहा एअरबॅग आहेत, ही गोष्ट स्वस्त गाडी घेणाऱ्यालाही दिलासा देणारी आहे.

आमचे मत

ज्याचे महिन्याचे धावणे दीड-दोन हजार किलोमीटर आणि तेही मुख्यतः महामार्गावर आहे, ज्याने रोख वेगळी साठवली आहे आणि गाडी चालवणारा पोक्त आहे, त्याने टर्बो छोटी गाडी खुशाल घ्यावी. पैसे वसूल होतील. ज्याचे जग वर्धा ते हिंगणघाट आणि महिन्यातून एकदा नागपूर एवढे आहे, त्याला मॅन्युअल गिअरची साधी पेट्रोल गाडी पुष्कळ झाली. ज्याचा धंदा अजून उधारीवर उभा आहे, त्याने दोन्हीचा विचार दोन वर्षे पुढे ढकलावा.

आणि घरातल्या तरुणांना आमचे सांगणे आहे की आधी वडिलांसोबत बसून दुकानाची वही पाहा. तुमच्या पसंतीची गाडी तीन वर्षांनीही बाजारात मिळेल, न मिळाली तर तिच्याहून चांगली मिळेल. दुकानातून एकदा बाहेर गेलेले भांडवल मात्र तितक्या सहजतेने परत येत नाही.