मृदुमार्ग आणि तराजू

ऑलिंपिक सामन्यांतील पदकविजेत्यांची यादी वाचणें हें, आमच्या मतें, इतिहासाचें पुस्तक वाचण्याइतकेंच बोधप्रद असतें; मात्र ती यादी नुसती वरून खालीं वाचून भागत नाहीं. ज्युदो या जपानी मल्लविद्येची यादी पाहणाऱ्या वाचकास प्रथम दोन गोष्टींचा अचंबा वाटेल. एक, प्रत्येक गटांत कांस्यपदकें दोन. आणि दुसरी, नांवांच्या आधीं किलोंचे आंकडे. आज पुरुषांत ६० किलोंपासून १०० किलोंच्या वरपर्यंत सात गट आहेत, व स्त्रियांत ४८ पासून ७८ च्या वरपर्यंत सात. दोन कांस्यपदकांचें कारण सोपें आहे. शेवटच्या आठांत येऊन हरलेल्यांस पुनः एक वाट मोकळी ठेवलेली असते, आणि त्या वाटेनें वर आलेले दोघेहि तिसरे ठरतात. किलोंच्या आंकड्यांचें कारण मात्र इतकें सोपें नाहीं.

'ज्यु' म्हणजे मृदु आणि 'दो' म्हणजे मार्ग. या मृदुमार्गाचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) हे पेशानें शिक्षक. टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे ते पुष्कळ वर्षें मुख्याध्यापक होते, म्हणून आम्हां जुन्या मास्तरांस त्यांच्याविषयीं थोडें अधिक ममत्व वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. लहानपणीं ते अंगानें किरकोळ, आणि धटिंगण मुलांचा जाच सोसलेले. त्या जाचांतूनच ते जुन्या जुजुत्सूच्या गुरूंकडे गेले. व १८८२ सालीं टोकियोंतील एका बौद्ध मंदिरांत, बारा चटयांच्या जागेंत, त्यांनीं 'कोदोकान' ही आपली शाळा काढली. प्रतिपक्ष्यानें ढकललें तर मागें सरावें, ओढलें तर पुढें जावें, आणि त्याच्याच जोरानें त्याचा तोल बिघडवावा, हें या विद्येचें सूत्र. अशा विद्येंत तराजूचें काय काम? १९५६ सालीं टोकियोस पहिली जागतिक स्पर्धा भरली, ती वजनाचे गट न पाडतांच.

पुढें १९६१ सालीं पॅरिस येथें अँटन गीसिंक या साडेसहा फूट उंचीच्या डच मल्लानें जागतिक विजेतेपद जपानबाहेर नेलें. तीन वर्षांनीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें ज्युदोचा प्रथमच समावेश झाला, तेव्हां वजनाचे तीन गट पाडले होते आणि चौथा गट खुला ठेवला होता. ६८ किलोंपर्यंत ताकेहिदे नाकातानि, ८० पर्यंत इसाओ ओकानो, त्यावर इसाओ इनोकुमा. तिन्ही सुवर्णपदकें जपानास मिळालीं. परंतु साऱ्या राष्ट्राचे डोळे लागले होते ते खुल्या गटाकडे. २३ ऑक्टोबर १९६४ रोजीं बुदोकान सभागृहांत गीसिंकनें अकिओ कामिनागा यास नऊ मिनिटांनंतर चटईवर दाबून धरलें, आणि पूर्ण तीस सेकंद सुटूं दिलें नाहीं. सभागृह स्तब्ध झालें. हर्षभरानें चटईकडे धांवलेल्या आपल्या देशबांधवांस विजयी वीरानें हात वर करून जागच्या जागीं थांबविलें, व मगच प्रतिस्पर्ध्यास रीतसर वंदन केलें. पदकाहून ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

मृदुमार्ग त्या दिवशीं हरला, असें म्हणणारे पुष्कळ निघाले. आम्हांस तें मान्य नाहीं. गीसिंक वारंवार जपानांत येऊन, तेथील गुरूंच्या हाताखालीं ही विद्या शिकला होता. विद्या तोलास तोल झाली म्हणजे पारडें देहाच्या वजनाकडे झुकतें, एवढेंच त्या सामन्यानें सिद्ध झालें. आणि तसें असेल तर विद्येची परीक्षा व्हावी म्हणून देहाचें वजन आधींच वजा करणें हाच न्याय. १९६५ सालापासून जागतिक स्पर्धांतहि गट आले. ऑलिंपिकमधील खुला गट १९८४ नंतर बंद झाला. त्याचा अखेरचा विजेता जपानचा यासुहिरो यामाशिता.

तराजू नसता तर र्‍योको तानि (माहेरची तामुरा) हिचें नांव जगानें ऐकलें असतें काय? उंची जेमतेम पावणेपांच फूट, गट ४८ किलोंचा. स्त्रियांच्या ज्युदोस ऑलिंपिकमध्यें पदकाचा मान १९९२ सालीं मिळाला. त्या वर्षीं व १९९६ सालीं तिला रौप्यपदक मिळालें, २००० व २००४ सालीं सुवर्ण, आणि एका मुलाची आई झाल्यावर २००८ सालीं कांस्य. पांच ऑलिंपिक, पांच पदकें! आमच्या वाचकभगिनींनीं ही ओळ यादींत अवश्य शोधून वाचावी.

तरीहि कानोंच्या मायभूमीनें जुनी कसोटी सर्वस्वी टाकलेली नाहीं. अखिल जपान अजिंक्यपदाच्या स्पर्धेंत पुरुषांस आजहि वजनाचा गट नाहीं. वर सांगितलेल्या ओकानोनें १९६७ व १९६९ सालीं तें पद जिंकलें, तें ८० किलोंच्या देहानें. १९९० सालीं तर तोशिहिको कोगा हा ७१ किलोंच्या गटांतला जगज्जेता धिप्पाड मल्लांना मागें सारीत अंतिम फेरींत पोंचला. तेथें मात्र नाओया ओगावा या अतिवजनी मल्लानें त्यास हरविलें. दोन वर्षांनीं हे दोघेहि बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्यें आपापल्या गटांतून उतरले. ओगावास रौप्यपदकावर समाधान मानावें लागलें. गुडघा जायबंदी असतांनाहि कोगानें सुवर्णपदक मिळविलें.