पाणी नेमके कुठे मुरते?

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यांत जलसंधारणाचे जे वारे वाहिले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पाणी फाउंडेशनने २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धा सुरू केली. ऐन उन्हाळ्याचे पंचेचाळीस दिवस गावेच्या गावे टिकाव-फावडी घेऊन माळावर उतरली. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातील वेळू विजयी ठरले, दुसऱ्या वर्षी वर्धा जिल्ह्यातील काकडदरा हे आदिवासी गाव. एरवी एकमेकांच्या बांधावर पाय न ठेवणारी माणसे एकाच घमेल्याला हात लावू लागली, हे लहान काम नव्हे. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आईवडिलांनी असे चर खणले असतील. म्हणूनच पुढचा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या कातळाचा आहे. पावसाचे पाणी या कातळावरून धावत सुटते. माथ्यावरचे सलग समतल चर आणि ओघळींतले दगडी बांध त्याला थोपवतात. ते मुरमातून, कातळाच्या भेगांतून सावकाश खाली झिरपते आणि पायथ्याच्या विहिरींत उगवते. चर खणला जातो तो माथ्यावर, पुष्कळदा गायरानात किंवा पडीक माळावर. विहीर असते ती खालच्या काळ्या जमिनीत. ती जमीन कोणाची, हे प्रत्येक गावाला ठाऊक असते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली रीत अशी की, जमिनीखालचे पाणी उपसण्याचा अधिकार जमिनीच्या मालकाचा. म्हणजे भूमिहीनाने खणलेल्या चरातले पाणी ज्या क्षणी दुसऱ्याच्या विहिरीत उतरते, त्या क्षणी त्याचा त्यावरचा हक्क संपतो. रोजगार हमीच्या कामावर निदान मजुरी तरी मिळते. श्रमदानात तीही नाही.

एवढ्यावर हे थांबत नाही. माळ हिरवा व्हावा म्हणून चराईबंदी येते. ती आवश्यक असते, हे मान्य. परंतु गायरानावर शेळ्या चारून ज्यांचे घर चालते, ते बहुधा हेच भूमिहीन. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांनी ज्या पडीक जमिनींसाठी तुरुंग भरले, त्याच जमिनींची ही गोष्ट आहे. पर्यावरणाच्या नावाने त्या माळाला कुंपण पडते, तेव्हा कुंपणाचा भार कोणावर पडतो, हे मोजले पाहिजे.

पाण्याचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तरी १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ मध्ये लागला. तळे निदान डोळ्यांना दिसत होते. भूजल दिसत नाही, त्यामुळे त्यावरचा हक्क नाकारला गेल्याचेही दिसत नाही.

हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातच झालेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे ग्राम गौरव प्रतिष्ठानच्या वतीने पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातील माणसांच्या संख्येनुसार: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे. उसाला बंदी. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. ज्याला जमीनच नाही त्याने पाणी घेऊन काय करावे, असे विचारणारे तेव्हाही होते. उत्तर असे की, आपल्या वाट्याचे पाणी घेऊन दुसऱ्याचे रान वाट्याने करता येते आणि मग बोलणी मजूर म्हणून नव्हे, भागीदार म्हणून होतात. सांगली जिल्ह्यात येरळेवरील बळीराजा धरणानेही भूमिहीनांचा वाटा मान्य केला.

यातल्या काही योजना पुढे मंदावल्या, हे खरे. सामायिक मोटारीचे बिल, पाळीपत्रक आणि रोजची भांडणे सांभाळणे कठीण असते. शिवाय शेतकरीही म्हणू शकतो की बांधासाठी माझीही जागा गेली, वर्गणी मीही दिली. त्याचे म्हणणे खोटे नाही; पण ते आपला वाटा मागण्यासाठी पुरेसे आहे, सगळे पाणी मागण्यासाठी नाही.

माझा आग्रह संस्थांकडे आहे आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांकडेही. जलसंधारणाच्या अहवालांत खणलेल्या चरांची लांबी असते, साठलेल्या पाण्याचे लिटर असतात, लावलेल्या झाडांची संख्या असते. भूमिहीन कुटुंबांना काय मिळाले, असा रकाना मला क्वचितच आढळला. आपल्यापैकी कोणी आज अभियंता आहे, कोणी ग्रामसेवक, कोणी अशाच एखाद्या संस्थेत नोकरीला. तो रकाना आखणे त्यांच्या हातात आहे. पाण्याच्या वाट्याचा ठराव पहिला टिकाव पडण्यापूर्वी व्हावा. विहिरी भरल्यानंतर तो मांडणाऱ्याला गावात मित्र उरत नाहीत. उन्हाळ्यात काम सुरू व्हायचे असेल, तर त्यासाठी २६ जानेवारीची ग्रामसभा आहे, आणि तिथे हा विषय लेखी द्यावा लागतो.